भाकरी घरची, प्रार्थना शेजारची

मंडळी, कीर्तनाला आलात तर पुढं सरका. पुढच्या रांगेत बसलेल्याला गाणं म्हणायला लावत नाही, भिऊ नका!

आज एकच प्रश्न विचारते. बायबलातलं वचन पाठ म्हणायला सांगत नाही — बघा, किती जणांचा जीव भांड्यात पडला! प्रश्न असा: तुमच्या घरात देवाशी बोलतं कोण?

आजी बोलते. आई बोलते. अधूनमधून पाळकसाहेब येतात, बोलून जातात, चहा घेऊन जातात. आणि तुम्ही? तुम्ही ‘आमेन’ म्हणता! खोटं सांगते का? चांगलं खणखणीत म्हणता. पण बोलणारं माणूसच उठून गेलं, तर ‘आमेन’ कशाला म्हणाल?

तर ऐका. प्रवरेच्या काठी चांदेवस्ती. आपल्याच ख्रिस्ती लोकांची वीस-पंचवीस घरं, मधोमध देऊळ, देवळापुढं लिंब. या वस्तीवर शांतवनबाबा उजागरे. उभा जन्म साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेला. बोलणंही तसंच — शब्द आधी काट्यावर चढवायचा, मग बाहेर सोडायचा!

आणि त्यांची बायको लेआबाई? ती काट्याबिट्याच्या भानगडीत पडायची नाही. देवाशी बोलायची ती कशी? कुंपणापलीकडच्या जावेशी बोलावं तशी!

ताटं वाढली की डोळे मिटायची. “प्रभू, तुझे उपकार, भाकरी दिलीस. ज्वारीत खडे फार निघाले, दुकानदाराला सुबुद्धी दे. शेळीचं पोट फुगलंय, लक्ष असू दे. आणि आमच्या ह्यांचा हेकटपणा तेवढा काढून टाक.”

“आमेन!” बाबा म्हणायचे. कशाला मान डोलावली, ते न ऐकताच!

त्या घरात नियम एक. प्रार्थना झाल्याशिवाय घासाला हात लावायचा नाही. भूक कितीही लागो, पाहुणा कितीही मोठा असो. बाबांच्या हातालाच ती सवय लागलेली. ‘आमेन’ झालं की हात आपोआप भाकरीकडे जायचा. त्याआधी गेलाच नाही कधी.

गेल्या उन्हाळ्यात लेआबाई गेली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाबांनी जन्मात पहिल्यांदा स्वतःहून तोंड उघडलं होतं. “देवा, हिला ठेव.” एवढंच म्हणाले. आणि पहाटे ती गेली.

घरातलं माणूस जातं, तेव्हा सुरुवातीला घर माणसांनी भरलेलं असतं. मग जो तो आपल्या कामाला लागतो. आणि तेव्हा कळतं, घरातले कोणकोणते आवाज तिचे होते.

बाबांनी चूल पेटवली. भाकरी थापली — भाकरी कसली, भारताचा नकाशा! पिठलं केलं. ताट वाढून घेतलं. बसले. आणि हात उठेना. प्रार्थना झाली नव्हती ना!

करायची मग, त्यात काय? तुम्ही म्हणाल, प्रभूची प्रार्थना तर लहान पोरालाही येते. येत होती! पण तिच्यात आपण भाकरी मागतो. आणि इथं भाकरी ताटात येऊन पडलेली. पुन्हा मागायची कशी? काट्यावरचा माणूस, त्याच उसाचं वजन दोनदा करणार नाही!

हे झालं वरवरचं. खरं कारण पोटात होतं. बाबांना वाटायचं, वरची सगळी ओळख लेआची. आपण तिच्याबरोबर जाणारे. जावयाचा सासरी मान असतो तो कुणामुळं? बायकोमुळं! तिच्यामागं एकट्यानं गेलं, तर दारातच विचारतील, कोण आपण? दवाखान्यात एकदा हाक मारली, ती ओळखली नाही. पुन्हा कशाला मारायची?

मग बाबांनी काय केलं असेल? हसू नका. त्यांनी ताट उचललं, वर फडकं झाकलं आणि शेजारी वाघचौऱ्यांच्या ओट्यावर जाऊन उभे राहिले.

तबीथाबाई वाघचौरे म्हणाली, “या, या भाऊजी. जेवायला बसा.”

“नको वहिनी. जेवण आहे. तुमची प्रार्थना व्हायचीय ना?”

“व्हायचीय.”

“मग करा.”

प्रार्थना झाली. बाबांनी ‘आमेन’ म्हटलं, ताट उचललं, घरी आले नि जेवले! भाकरी घरची, प्रार्थना शेजारची!

रोज हेच. पण दुसऱ्याची प्रार्थना म्हणजे दुसऱ्याचे जोडे, मंडळी. कुठं चावतील सांगता येत नाही. एक दिवस वाघचौऱ्यांची सून प्रार्थना करीत होती. “प्रभू, या घरातल्या मोठ्या माणसांच्या जिभेवर तुझा ताबा असू दे —”

“आमेन!” बाबा गरजले. लेआबाईच्या वेळची सवय. श्वास थांबला की आमेन!

तबीथाबाईनं डोळे उघडले. “भाऊजी! माझ्या जिभेवर इतक्या जोरात आमेन?”

बाबांनी घर बदललं. देवळाचे वडील, म्हणजे पंच, गमलीयेल पाटोळे यांच्याकडे गेले. आता गमलीयेलांची प्रार्थना! आदामापासून निघायची. जलप्रलय यायचा, ओसरायचा. मिसर देशातून लोक निघायचे, समुद्र ओलांडायचे. मग वस्तीवरचे आजारी, नावानिशी, दुखण्यानिशी. प्रार्थना चांदेवस्तीला पोचेपर्यंत बाबांच्या भाकरीचा पापड झालेला असायचा! त्यात गमलीयेलांचं मांजर मोठं भाविक. सगळ्यांनी डोळे मिटले की त्याची उपासना बाबांच्या ताटात सुरू!

बाबा वाळत चालले. सदरा खुंटीवर अडकवल्यासारखा दिसू लागला. शेवटी पुन्हा वाघचौऱ्यांच्या ओट्यावर आले, तेव्हा तबीथाबाई चिडून म्हणाली, “भाऊजी, देव काय फक्त आमच्याच चुलीपाशी बसतो?”

बाबांनी शब्द काट्यावर चढवला. “तुम्हाला ओळखतो तो, वहिनी. मला कुठं ओळखतो?”

तबीथाबाई पुढं बोलली नाही. जिभेवर ताबा आला की नाही, बघा!

इथं एक साकी आठवते. पेटीवाले, सूर द्या.

*ताट वाढिले, पाट मांडिला, मुका कशाला बससी?*
*बाप आपुला घरात असता ओळख कोणा पुससी?*

आणि मग उगवला पाटोळ्यांच्या नातीच्या लग्नाचा दिवस. लग्न लांब, कोपरगावाकडं. सगळी वस्ती टेंपोत बसून गेली. बाबा गेले नाहीत; लग्नात कोण चौकशी करील, कोण रडेल, नकोच ते. दुपारी भाकरी केली, ताट झाकलं, निघाले. वाघचौऱ्यांकडे कुलूप. पाटोळ्यांकडे कुलूप. त्या टोकापर्यंत गेले — कुलूप, कुलूप, कुलूप! अख्ख्या वस्तीत ‘आमेन’ म्हणायला माणूस हजर, पण प्रार्थना करायला कोणी नाही!

परत येऊन लिंबाखाली बसले. सकाळपासून पोटात काही नाही. डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. ताट मांडीवर, हात गुडघ्यावर.

तेवढ्यात रस्त्यावरून हाक आली. “भां...डंय्ये! जुन्या कपड्यांवर भांडंय्ये!”

बोहारीण! डोक्यावर टोपली, काखेत गाठोडं, घामानं निथळलेली.

“बाबा, गाव मेलं का काय? एक दार उघडं न्हाई.”

“लग्नाला गेलेत.”

“आन् मी सकाळपासनं उपाशी वरडतीया! पाणी तरी द्या.”

बाबांनी पाणी दिलं. तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि ताटावरचं फडकं काढलं. एक भाकरी तिच्यापुढं, एक आपल्यापुढं. पिठलं मधे.

“जेवा बाई.”

“तुमी घ्या आदी.”

“तुम्ही सुरू करा.”

“न्हाई बा. ज्याचं अन्न त्येनं आदी घास घ्यावा. माजी आई मारंल वरनं!”

आता आली का पंचाईत? हे प्रार्थनेशिवाय घास घेणार नाहीत, आणि यांनी घेतल्याशिवाय ती घेणार नाही! दोन भुकेली माणसं, मधे पिठलं, आणि पिठल्यावर माशी!

“मला प्रार्थनेशिवाय जेवता येत नाही,” बाबा म्हणाले.

“मग करा की. मी कुटं अडवलंय?”

“येत नाही.”

“आत्ता गं बया! येत न्हाई म्हंजी? द्येव काय कलेक्टर हाय?”

“मालकीण करायची. ती गेली.”

बोहारणीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, “तिच्यासंगं बोलत व्हता का न्हाई?”

“बोलायचो.”

“किती?”

“थोडंच.”

“मग तेवडंच बोला. पर बिगीनं बोला, बाबा. माज्या पोटात कावळं वरडत्यात.”

बाबांनी तिच्याकडं पाहिलं. स्वतःची भूक असती तर आणखी दोन दिवस काढले असते त्यांनी, हेकट माणूस! पण दुसऱ्याच्या पोरीला उपाशी बसवायचं? डोळे मिटले. काटा वर-खाली, वर-खाली झाला.

“देवा. मी शांतवन. लेआचा नवरा.”

बाबांनी ताटावरचं फडकं मुठीत धरलं.

“मागं एकदा दवाखान्यात बोललो होतो. तू ऐकलं नाहीस. मला त्याचा राग आहे. अजून आहे.”

बोहारणीनं एक डोळा उघडला, पुन्हा मिटला.

“ही बाई उन्हातनं आलीय. भाकरी करपलीय, पण आहे. उपकार तुझे. घरात मी एकटाच असतो. जागा पुष्कळ आहे. तूही बैस.”

आणि हात आपोआप भाकरीकडे गेला.

बोहारीण घास घेत म्हणाली, “एवड्यासाटी अडून बसला व्हता? माजा नवरा तर मिटाच्या खड्यावरनं याच्या दुप्पट बोलतो!” आणि पहिल्या घासाला म्हणाली, “मीट न्हाई यात!”

बाबा हसले. लेआबाई गेल्यापासून पहिल्यांदा हसले आणि हसता हसता रडले, आणि जेवत राहिले. पिठल्याला मिठाची गरज उरली नाही, मंडळी.

दुसऱ्या दिवशी दुपारी तबीथाबाई ताटं वाढून वाट पाहतेय. भाऊजी येईनात! घाबरली बिचारी, धावत गेली. दारातून ऐकते, तर आत बाबा डोळे मिटून सांगताहेत, “...आणि प्रभू, वाघचौरेवहिनी मनानं चांगली आहे. तिच्या वरणाला तेवढी फोडणी बसू दे.”

तबीथाबाईनं दार लोटलं. “भाऊजी!”

“डोळे मिटा वहिनी,” बाबा म्हणाले, “अजून संपलं नाही!”

हसलात. बरं झालं. आता मला सांगा, त्या दुपारी देव लिंबाखाली नव्यानं आला का? तो पहिल्या दिवसापासून त्या चुलीपाशी होता. ओळख त्याला लागत नव्हती. त्याला राग ऐकायचा होता, करपलेली भाकरी ऐकायची होती. आणि आपण काय करतो? गोड शब्द जमत नाहीत म्हणून तोंडच उघडत नाही. दुसऱ्याच्या श्रद्धेवर आपलं पोट भरतो, आणि ते माणूस गेलं की देवही त्याच्याबरोबर गेला, असं समजून बसतो.

कीर्तन संपलं की कीर्तनकारानं प्रार्थना करायची, अशी आपली रीत आहे. तुम्ही डोळे मिटायची तयारीही केलीत! नाही, मंडळी. आज मी करणार नाही.

ते खांबाला टेकलेले, मफलरवाले काका. हो, तुम्हीच. मागं बघू नका, मागं भिंत आहे. उठा. जेवढं रोज घरात बोलता तेवढंच बोला.

आम्ही डोळे मिटलेत.