दहा हजारांत आठ

"हॅलो?… कोण, मम्मी?… हो, मीच बोलतेय."

सेलिनाने खांद्याने फोन कानाला दाबून धरला. दोन्ही हात ओले होते. दुपारचे तीन वाजले होते आणि लेक जॅकलिन ज्यात ओकायची तो टब ती तिसऱ्यांदा धूत होती.

"रडताय का तुम्ही?… हळू बोला, मला काही कळत नाहीये… कोण? जॅकी?… नाही, नाही. इथेच आहे ती, झोपलीय. आत्ता डोळा लागलाय… अहो, काही झालेलं नाही तिला. उलट्या होतात, त्या औषधाने होतात. नेहमीच्याच आहेत."

फोन गोराईहून होता. तिच्या सासूबाई, बेला, खाडीपलीकडच्या जुन्या घरात एकट्याच राहायच्या. घरामागच्या वाडीत मुळा-माठ लावायचा, सकाळी टोपली घेऊन बाजारात बसायचं, संध्याकाळी क्रूसापाशी मेणबत्ती लावायची, असा त्यांचा दिवस. खाडीच्या अलीकडे, बोरिवलीत, दोन खोल्यांत सेलिना, मर्विन आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी. मुलीला रक्ताचा कॅन्सर निघाला त्याला आता चार महिने होत आले होते.

"मर्विनने फोन केला? काय म्हणाला?… बरोबर आहे. निगेटिव्हच आलाय रिपोर्ट… मम्मी. मम्मी, ऐका ना… निगेटिव्ह म्हणजे चांगलं."

पलीकडचं रडणं थांबलं नाही. सेलिनाने नळ बंद केला.

"चांगलं म्हणतेय मी… समजूत नाही काढत तुमची. डॉक्टर स्वतः बोलले माझ्याशी, साडेबाराला… हो, हसून बोलले… जॅकीची शपथ घालू का आता?… नाही घालत. पण विश्वास ठेवा."

मर्विन विमानतळावर सामानाच्या गाड्या दुरुस्त करायचा. त्याला तिनेच दुपारी कळवलं होतं. तो फोनवर लहान मुलासारखा हुंदके देत राहिला. त्यानंतर त्याने त्या आवाजात, विमानाच्या घरघरीत, आईला फोन लावला असणार आणि निगेटिव्ह आला एवढं ओरडून कामाला लागला असणार. आईने मागच्या वेळी त्या शब्दाचा काय अर्थ धरलाय, हे त्याच्या ध्यानातच राहिलं नसेल.

"पाणी प्या बघू आधी… हो, मी आहे. जा, पिऊन या."

ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिली. आता काय विचारलं जाणार, हे तिला माहीत होतं.

"हं… प्यायलात?… हो, निगेटिव्ह म्हणजे आजार सापडला नाही. तसंच… हो."

ती ओले हात गाऊनला पुसत ऐकत होती.

"…मागच्या वेळचा पॉझिटिव्ह होता. हो."

आठ आठवड्यांपूर्वीची गोष्ट. पहिल्या महिन्याचं केमो संपलं, जॅकीच्या हाडातला मगज काढून तपासला आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकही वाईट पेशी दिसली नाही. सगळे आनंदात होते. पण त्याच मगजाचा एक भाग दुसऱ्या तपासणीला गेला होता. ती तपासणी पेशीच्या आतली खूण शोधते, त्या एका मुलीच्या आजाराची स्वतःची खूण, आणि डोळ्याला दिसत नाही इतकं थोडं उरलेलंही पकडते. दहा दिवसांनी तो रिपोर्ट आला, पॉझिटिव्ह. मर्विनने आईला तेवढा एक शब्द सांगितला आणि पुढचं बोलायच्या आतच तिने देवाचे आभार मानायला सुरुवात केली. त्या संध्याकाळी बेलाने सणाला करतात ते फुगे, पिठाचे गोड गोळे, तळून गल्लीभर वाटले. रविवारी क्रूसापाशी प्रार्थना ठेवली, शंभरेक माणसं आली. मर्विन म्हणाला, आता राहू दे, तिचं बीपी आहे, पुढचा रिपोर्ट येईपर्यंत जाऊ दे. सेलिनाने जाऊ दिलं होतं.

आज दुपारी तो म्हणाला होता, आता सांगायची गरजच नाही, संपलं ते.

एखादी थाप तिला सहज मारता आली असती. त्या दोन तपासण्या वेगळ्या होत्या मम्मी, त्यात पॉझिटिव्ह चांगलं आणि ह्यात निगेटिव्ह चांगलं, एवढं म्हटलं असतं की भागलं असतं. शब्द तोंडाशी आलेही. पण खोटं नंतर सांभाळायला लागतं आणि आता तिच्या अंगात तेवढा जोर उरला नव्हता.

"मम्मी, तुम्ही बसलाय का?… बसा. आणि मध्ये बोलू नका… मागचा रिपोर्ट चांगला नव्हता… नाही. आजार उरला होता तिच्या अंगात… ऐका. थोडा उरला होता. दहा हजार पेशींत आठ… आठ. एक-दोन-तीन-चार, तसे आठ… मग डॉक्टरांना आधी कसं नाही दिसलं, म्हणजे? ते खोटं नव्हते बोलले. मी सीप्झच्या कारखान्यात हिरे तपासायचे ना? नुसत्या डोळ्याला खडा स्वच्छ दिसतो. भिंग लावलं की आत डाग निघतो. तसं आहे ते… हो, आठसुद्धा पुष्कळ होतात. आठाचे परत लाख होतात."

आतल्या खोलीत जॅकीने कूस बदलली. सेलिनाने दारातून डोकावून पाहिलं. केस गेलेलं ते इवलंसं डोकं उशीवरून घसरलं होतं. ती आवाज खाली आणून बोलायला लागली.

"म्हणून तर औषधं वाढवली… हो, ती जास्तीची इंजेक्शनं त्याचीच. कोर्स पुरा करायचाय असं मी म्हणायचे, ते खोटं होतं… आज पण उरल्या असत्या तर दुसऱ्या कुणाचा तरी मगज शोधायला लागला असता, तिच्या अंगात घालायला. तेवढं टळलं… नाही, एकही नाही असं ते म्हणत नाहीत. त्यांच्या तपासणीत एकही सापडली नाही, असं म्हणतात… मला पण तेच वाटलं. पण तसंच बोलतात ते, आणि तरी ते चांगलंच आहे… अजून दोन वर्षं औषधं. दोन… हो."

मग पुन्हा पलीकडचं बोलणं सुरू झालं. ह्या वेळी आवाज रडवेला नव्हता. सेलिनाने फोन कानापासून थोडा लांब धरला, मग पुन्हा जवळ घेतला.

"बोला, बोला. मी ऐकतेय… मर्विनचा दोष एकट्याचा नाही. मी पण गप्प बसले… तुमचं बीपी वाढेल म्हणून… हो, चुकलं. मी कुठे नाही म्हणतेय?… काय म्हणालात?"

ती ओट्यापासून सरकत खाली फरशीवर बसली.

"…हो. तुम्ही आभार मानत होतात… मागायचं होतं तेव्हा आभार मानत बसलात. आठ आठवडे…"

त्या रोजच्या संध्याकाळी तिच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. सासूबाई फोन करून सांगायच्या की आज पण मेणबत्ती लावली, आज पण थँक यू म्हटलं, आणि ती इकडे हॉस्पिटलच्या रांगेत उभी राहून बरं मम्मी, बरं मम्मी म्हणायची. आपण एका बाईला बीपीपासून वाचवतोय असं त्या दोघांना वाटत होतं. त्या बाईच्या हातात करण्यासारखी एकच गोष्ट होती, तीच त्यांनी काढून घेतली होती.

"मम्मी, माफ करा… नाही, खरंच… मला कोणीतरी मागायला हवं होतं. माझ्याने होत नव्हतं. मी चर्चमध्ये गेले की मला झोप यायची."

पलीकडे कोंबडा आरवल्याचं ऐकू आलं, कोणीतरी बेलाला बाहेरून हाक मारली आणि तिने ओ दिली नाही.

"हो, आहे मी… उद्या? उद्या पाठीत इंजेक्शन आहे तिला. सकाळी सातला निघायचं… एकटीच. मर्विनची पहिली पाळी असते… हो, प्रत्येक वेळी एकटीच… तुम्हाला नाही बोलावलं, कारण तिथे बाकीच्या आया बसतात. कोणाचा रिपोर्ट काय आला, दुसरं बोलणंच नाही. तुम्हाला एका दिवसात कळलं असतं… तुम्ही किती वेळा विचारलंत ते आठवतंय मला. मी म्हणायचे, गरज नाही… होती. गरज होती मम्मी."

तिने बाहीने डोळे पुसले.

"नाही, रडत नाहीये… दमलेय फक्त… जेवले का? नाही, सकाळी चहा घेतला होता… आज? आज कशाला, उद्या परस्पर या ना… वाडीला पाणी कोण घालेल?… जॅकी तुम्हाला विचारत असते, ते खरं आहे… बरं… बरं, या. पण ऐका, मास्क लावून या. हात धुतल्याशिवाय तिच्याजवळ जायचं नाही. फुलं आणू नका. मुळा नको, काकडी नको, कच्चं काहीच नको तिला… मला? मला काहीही चालेल… बोंबलाचं कालवण चालेल. हो… हॅलो?… मम्मी?"

फोन बंद झाला होता. चारची लाँच पकडायची म्हणजे बेलाला थांबायला वेळ नव्हता.

सेलिना भिंतीला धरून उठली. धुतलेला टब तिने पलंगाशी ठेवला, मुलीचं डोकं उशीवर सरकवलं. मग दाराची कडी काढून ठेवली, म्हणजे बेल वाजायला नको, आणि जॅकीच्या शेजारी आडवी झाली.