गंगाक्का उंबऱ्यावरनं सांगायची

हे मी आजवर कुणापाशी बोललो न्हाय. भनीपाशी न्हाय, पोरीपाशी तर न्हायच. तुम्ही पावणं माणूस, उद्या आपल्या वाटंनं जाणार, म्हणून तोंड उघडतोय म्हणा. माझ्या पोरीला मी अफू घालत हुतो. रोज सकाळी, ह्या हातानं, दुधात कालवून.

मी मूळचा कोडोलीचा, सुताराचं पोर. भावकी औतं आणि गाड्या करायची, मला बारीक कामाची आवड, म्हणून कोल्हापुरात आलो आणि मंगळवार पेठेत रस्त्याकडंची एक खोली घेतली. पुढं काम, मागं चूल. पाळणं आणि पांगुळगाडं करायचो. माझ्या गाड्याची चाकं वाजायची न्हाईत. गिऱ्हाईक चेष्टा करायचं, सुतार, जरा वाजू देत की चाकं, न्हाईतर पोरगं कुठवर गेलं ते आईला कळायचं कसं? पेठेतली निम्मी पोरं माझ्या गाड्याला धरून चालायला शिकली, आणि माझ्या घरात काय झालं ते ऐका.

संस्थान जाऊन कोल्हापूर मुंबई राज्यात गेलं, त्या साली शिमग्याच्या सुमाराला शकू झाली आणि तिची आई बाळंतपणाच्या तापात गेली. माझी थोरली भन सोनाताई, कोडोलीतच दिलेली, ती म्हणाली पोर मला दे, बाप्याला तान्हं पोर जमत न्हाय. मी दिली न्हाय. काय सांगू तुम्हाला, त्या खोलीत दुसरं होतं कोण? पोर दिली असती तर मी चुलीशी बोलत बसलो असतो.

पण ती कुशीवर व्हायला लागली आणि मला भ्या वाटायला लागलं. खाली पटाशी, वाकस, खिळं-मोळं, ढलपं. पाळण्यात ठेवली की रडायची, आणि हातात रंधा असताना सारखं कोण उठणार? लाकूड आणून टाकणारा एक गाडीवान हुता, तो म्हणाला, अरं त्यात काय, आमच्यात रानात जाणाऱ्या बायका मोहरीएवढी अफू देत्यात आणि पोर झाडाखाली निजवत्यात. मलाबी आईनं दिलती, मी काय मेलो का? गडी रेड्यासारखा. मला पटलं. मोहरीएवढी दिली, पोर गप निजली, मी दिसभर काम केलं. मग मोहरीची ज्वारी झाली.

समोर गल्लीच्या पलीकडं गंगाक्का ऱ्हायची. गडहिंग्लजकडची, लिंगायताची, नवऱ्याचं कोपऱ्यावर किराणा दुकान. मूलबाळ न्हवतं. मला अण्णा म्हणायची. दुपारची जेवणं झाली की शकूला घेऊन जायची, वाकळंवर पालथी घालायची, ह्या अंगानं हाक मारायची, मग त्या अंगानं, वाटीवर चमचा वाजवायची, कानडीत काय काय म्हणायची. शकू आपली मान टाकून पडलेली. एकदा म्हणाली, अण्णा, माझ्या बोटामागं हिचं डोळं फिरत न्हाईत की. सारखी झोपंत का असती? मी म्हटलं आईवेगळी हाय, अशक्त हाय. तर म्हणाली, अशक्त लेकरू रडतं अण्णा, हे रडतबी न्हाय. मी खाली बघून पटाशीला धार लावत बसलो.

दिवाळीला सोनाताई आली. माझ्या दाराशेजारच्या नळावर बायकांची ओळ लागलेली. सोनाताईनं घागर खाली ठेवली आणि मोठ्यानं म्हणाली, हिच्या बरोबरीची पोरं बसाय लागली आणि हिची मान अजून डुलतीया, वांझंच्या मांडीवर रोज लेकरू दिल्यावर दुसरं काय व्हायचं?  गंगाक्का त्याच ओळीत हुती. तिनं सोनाताईकडं न्हाय बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी दारात बसून दांडीला रंधा मारत हुतो. अफू मी घालतोय, एवढंच म्हणायचं हुतं. पण म्हटलं असतं तर सोनाताईनं तिथल्या तिथं पोर उचलली असती आणि पहिल्या मोटारीनं कोडोलीला नेली असती. मी रंधा मारत ऱ्हायलो. गंगाक्का अर्धीच घागर घेऊन गेली आणि दार लावून घेतलं.

सोनाताई कोडोलीला परतली त्या दिवशी अफूची पुडी मी गटारीत टाकली. मग पोर रडायला लागली. रडं म्हंजे काय रडं, अंग ताठ करायची, घेतलेलं दूध वकायची, माझ्याकडं बघून आणखी वरडायची. काम बंद. गिऱ्हाईक शिव्या देऊन जायचं. पोरीला खांद्यावर टाकून मी खोलीत फिरायचो आणि कुणाला हाक मारावी ते कळायचं न्हाय, कारण जिला मारायची तिचं दार मीच लावलेलं.

एक दिवस ते दार उघडलं. गंगाक्का आपल्या उंबऱ्याच्या आतच उभी ऱ्हायली आणि तिथनं वरडली, अण्णा, अशी आडवी नका टाकू, छातीशी उभी धरा! त्या दिवसापास्नं रोज. माझ्या दारात पाऊल टाकलं न्हाय, पोरीला बोट लावलं न्हाय, पण उंबऱ्यावरनं सगळं सांगायची. आधी जमीन झाडा, मोळं उचला, मग पालथी घाला. वेताच्या बुट्टीत बसवा, पाठीमागं वाकळ लावा. वाटी पुढं ठेवा, हाताला लागंल न लागंल इतकी लांब, लगीच हातात देऊ नका, तिला धडपडू द्या. आणि बोला की तिच्याशी! तोंडात मोळं धरल्यात काय?

तान्ह्या पोरीशी काय बोलायचं ते मला ठावं न्हवतं. मग मी लाकडाचं सांगायचो. हे सागवान, हे फणसाचं, ही बाभळ, लई चिवट. पोर माझ्या तोंडाकडं बघायला लागली. आधी बघायला लागली, मग हसायला, मग वाटीवर झेप घ्यायला. बुट्टीत कलंडायची, परत बसवायचो. एक दिवस मागची वाकळ काढली तरी बसली. मी समोर बघितलं, तर गंगाक्का पदरानं तोंड पुसत हुती.

शिमग्याआधी शकू रांगायला लागली. मी गाड्याला चाक बसवत हुतो, मान वर केली तर पोर न्हाय. उंबरा ओलांडून गल्लीत गेलती, गुडघं धुळीत, आणि सरळ गंगाक्काच्या दाराकडं निघालती. बायका दारादारांतनं बघत हुत्या. गंगाक्का वाकली, हात पुढं केलं आणि परत मागं घेतलं. अण्णा, म्हणाली, तुमची पोर घ्या. तवातरी म्हणायचं हुतं की उचल, तुझीच मेहनत हाय. मी पोर उचलली आणि आत आलो.

वरीस झालं, शकू माझ्याच गाड्याला धरून पाय टाकाय लागली. सोनाताई आली, गल्लीभर सांगत सुटली, त्या बाईची सावली टळली म्हणून पोर उठली. मी दारात चाकं तासत बसलो.

पुढं गंगाक्काच्या नवऱ्यानं दुकान मोडलं आणि ती दोघं गडहिंग्लजला निघाली. भांडी गाडीत चढवताना मी गेलो. शकू गाडा न धरता चालती का, तिनं विचारलं. चालती म्हटलं. मग हळू म्हणाली, अण्णा, पोरीच्या तोंडाला वास यायचा, मला ठाऊक हुतं. मी म्हटलं, मग नळावर का न्हाय बोललीस? म्हणाली, बोलले असते तर पोर कोडोलीला गेली असती, तुमच्याजवळनं आणि माझ्यासमोरनंबी.

आता शकू शाळंत जाती, गल्लीत धावती, कुणाच्या हाताला लागत न्हाय. रातदिस बडबडती, माझीच घुमी खोली बोलती झाली. पण गल्लीत कुणाचं तान्हं किरकिरलं की बायका अजून म्हणत्यात, त्या गडहिंग्लजवालीची नजर असली हुती. दारात बसून मी ऐकतो. गडहिंग्लजची एस्टी रोज जाती, दोनदा स्टँडवर जाऊन परत आलोय. तिथं जाऊनबी भागायचं न्हाय. अफू मी घातली आणि पोर गंगाक्कानं बसती केली, हे मला त्याच नळावर, त्याच बायकांसमोर, शकूचा हात धरून सांगायचं हाय. तेवढं मी गंगाक्काचं देणं लागतो.