स्ट्रिंग चुकली तुझी!

...न्हाई पण मी म्हणतो, चार हजार सहाशे बारा पेपरांची नावं वाचून काढली मी, चार हजार सहाशे बारा! आन् मामा काय म्हणतो? "स्ट्रिंग चुकली तुझी!"

तुम्हाला सांगतो, मामा म्हंजी आईचा सख्खा भाऊ, पोपटराव, दौंडकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मास्तर. त्यानंच मला तिथं घातलं, दुसऱ्या वर्षाला मी सोडलं... का सोडलं इचारू नका, रोज सकाळी पयला तास मामाचाच. आता रांजणगावला एका कंपनीत काम लागतंय, सोमवारी हजर व्हायचंय, पण कॉलेज सोडल्याचा दाखला पायजे. आन् दाखला कुठं? मामाच्या ड्रॉवरात! "आधी माझं सर्चचं काम कर, मग लगेच देतो. आन् हितं मामा म्हणू नको, सर म्हण."

काम काय, तर ह्याची पीएचडी! सॉफ्टवेअरमधल्या चुका आधीच वळखता येत्यात का, ह्यावर जगात जेवढे शोधनिबंध, म्हंजी पेपर, छापलेत तेवढे समदे शोधायचे. आपल्याला आवडत्यात तेवढेच न्हाई, समदे! त्यासाठी शब्दांची माळ करायची, तिला म्हणायचं स्ट्रिंग. चुकीला ह्या लोकांकडं नावं तरी किती! डिफेक्ट ऑर फॉल्ट ऑर बग ऑर एरर... आमच्या घरात चुकीला एकच नाव हाय, माझं!

ती माळ शिक्रापूरच्या सायबर कॅफेत बसून एकेका डेटाबेसात, म्हंजी पेपरांच्या ऑनलाइन कोठारात, टाकायची, आन् कुठं टाकली, कवा टाकली, किती पेपर आले, समदं वहीत लिहायचं. पयल्यांदा आले एकशे चाळीस. मामानं वहीवर बोट फिरवलं... "आमच्या हौसराव सरांचा पेपर कुठाय?" हौसराव सर म्हंजी मामाचे गाईड, रिटायर होऊन केडगावला राहत्यात, त्यांच्या सहीबिगर ह्याची पीएचडी हालत न्हाई. म्हटलं, न्हाई घावला. "स्ट्रिंग चुकली तुझी!"

आता खरं सांगायचं तर तसा नियमच हाय, वळखीचे पेपर माळेत आले न्हाईत तर माळ आखूड. मग घाला शब्द! फेल्युअर घाल, क्वालिटी घाल, टेस्टिंग घाल... क्वालिटी घातल्यावर दुधाच्या भुकटीचे पेपर आले, टेस्टिंग घातल्यावर रक्ता-लघवीचे! लाइट गेली की परत पयल्यापासून. चार हजार सहाशे बारा! हौसराव सर? न्हाईत! "स्ट्रिंग चुकली..." अहो सर, किती येळा चुकंल ती?

शेवटी उठलो, सरळ केडगावला हौसराव सरांचं घर गाठलं. "आप्पा, तुमचा पेपर छापला कुठं ओ?" म्हातारा खूश! "अरे, आपल्याच कॉलेजच्या परिषदेत, सत्त्याण्णव साली! आतापर्यंत जगभर गेला असंल." असं म्हणून कपाट उघडलं... दोनशे प्रती छापलेल्या, त्यातल्या दीडएकशे कपाटातच! कॉम्प्युटरनं जो पेपर जन्मात बघितला न्हाई, तो मी आठ दिवस कॉम्प्युटरात शोधतोय!

बरं, वाचला. चार पानं. प्रयोग न्हाई, आकडा न्हाई, शेवटचं पान निस्तं आभाराचं. आन् मामाचाच नियम, वहीच्या पयल्या पानावर त्याच्याच अक्षरात: नुसतं मत असलेला पेपर वगळावा. मी वगळला.

मामाचं तोंड बघायला पायजे होतं तुम्ही! "वगळला? हौसराव सरांना?"

"तुमचाच नियम हाय सर."

"मग नियम चुकला!"

घ्या! लाल पेननं खाली लिहिलं, 'अनुभवी व्यक्तींची मते घ्यावीत.' मी म्हटलं, मग तुमच्या बहिणीलाबी घ्या, तिला माझ्या चुका करायच्या आधीच कळत्यात!

तिथंच चुकलो. दाखला शनिवारी मिळाला, मामानंच भरलेला. कॉलेज सोडण्याचं कारण: 'वाचनाची आवड नाही.' चार हजार सहाशे बारा, राव!

सोमवारी कंपनीतल्या सायबानं नेमकी तेवढीच ओळ वाचली. मला खालपासून वरपातुर बघितलं.

"वाचायची आवड न्हाई? बरं झालं. मागचा पोरगा सेफ्टीचे नियम वाचत बसायचा."

...आन् घेतलं की मला.