वीकेंडचा लास्ट डे

नको गं, बोट नको—बोटीचं काढूनच टाक तू तुमच्या ट्रॅव्हल एजन्सीच्या त्या प्लॅनमधून. नदी काय काठावर उभं राहून दिसत नाही? दिसते की, चांगली फुकट दिसते. आणि तो राजवाडा—आत जायचं तिकीट, पण बाग मात्र सगळ्यांना मोकळी, मी बघून ठेवलंय व्हिडिओत. राजाराणीच्या पलंगांचं मी काय करू? बागेत हिंडीन. ऑपेरा म्हणशील तर उभं राहून ऐकायचं तिकीट असतं, अगदी स्वस्तात—नाही, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण व्हिएन्नाला जाऊन ऑपेरा नाही बघितला असं कशाला म्हणू द्यायचं कुणाला? पाणी तर विकत घ्यायचंच नाही, चौकाचौकात नळ आहेत, थेट डोंगरातलं पाणी. इथं बाटल्यांचे खोके उचलून उचलून माझी कंबर गेली, आणि तिथं बघ. राहायचं होस्टेलमध्ये, बायकांच्या खोलीत, वरची बर्थ—हसू नकोस तस्नीम, चढेन मी, अजून काही म्हातारी नाही झाले. मजा करायचीय मला, मजा! बावीस वर्षं बहरीनमध्ये काढली, मॉल सोडून काय बघितलं?

जेवणाचं म्हणतेस? दशम्या, मेतकूट, चिवडा, शेंगदाण्याची चटणी. किटलीत पाणी उकळलं की झटपट उपमा. आमच्या ह्यांनी तेवढ्यावरच तर हो म्हटलं—सुनीता, चैन नको, आणि शनिवारी रात्री घरात हवीस, रविवारी माझी सित्राच्या रिफायनरीतली पहाटेची शिफ्ट आहे, डबा कोण देणार? आता माणूस साठीला आला, रिटायर होतोय मार्चमध्ये, पण डबा स्वतः भरायचा म्हणजे जगबुडी. बाहेर गाडीत बसलेत बघ, ती पांढरी, पार्किंग नाही म्हणून इंजिन चालू ठेवून. मार्चनंतर आमचा रेसिडेन्स खलास, मग पुणं. पुण्याला गेल्यावर ह्यांच्या हातून मला परत कुठला व्हिसा आणि कुठलं युरोप! म्हणून आत्ताच. ह्यांच्यासमोर काही विचारू नकोस हां बाळा, पण—आमचा तो लेडीज ग्रुप आहे ना, चौघींचा? तसला काही ग्रुप नाहीये. मी एकटीच चाललेय.

अगं घाबरतेस काय अशी! पळून नाही चालले. मुलगी आहे माझी तिथं. निवेदिता. तू ओळखत नसशील, तुझ्यापेक्षा थोडी मोठी. शिकायला गेली, तिथल्याच एकाशी लग्न केलं, रजिस्टर, आम्हाला फोटो पाठवला—आणि ह्यांनी सांगितलं, मला एकच मुलगा आहे. ओजस. खलास. तिचे फोन उचलायचे नाहीत, नाव काढायचं नाही. एकदा मी जेवताना चुकून निवू म्हटलं, तर ताटावरून उठले. मी काय करणार? तिनंही मग बंद केलं, त्यांचीच लेक ती, आडमुठी. किती दिवस मी मेसेज टाकतेय, टाकतेय, ती नुसतं वाचते—आणि गेल्या महिन्यात उत्तर आलं. थांब, दाखवते, चष्मा कुठं गेला मेला... हे बघ. 'बेकरीत काम असतं. वीकेंडच्या लास्ट डेला जमेल. अकरा वाजता, स्टेशनच्या दारात. एक तास. बाबांना आणू नकोस.' एक तास म्हणाली गं! मी तर एक तासात तिला नुसती बघतच बसेन. आणि 'लास्ट डे' कसं लिहिलंय बघ, मराठीत—तो आमच्या घरातला शब्द. शनिवार संध्याकाळ झाली की ही दोघं पोरं तोंड पाडून बसायची, आई, लास्ट डे, लास्ट डे. युनिफॉर्मला इस्त्री, डबे, वह्यांना कव्हर. शनिवार म्हणायचंच नाही कुणी आमच्याकडे, लास्ट डे. तो शब्द वाचला आणि मी न्हाणीघरात जाऊन रडले. म्हटलं, विसरली नाहीये पोरगी, सगळं लक्षात आहे तिच्या.

काय? काय म्हणालीस? तिथं वीकेंड कधी असतो म्हणजे—वीकेंड म्हणजे वीकेंड, शुक्रवार-शनिवा... नाही. नाही नाही नाही. तिथं शनिवार-रविवार. थांब. तस्नीम, थांब जरा. बेकरी शनिवारी बंद नसणार. शनिवारी तर गर्दी असणार. बंद असणार रविवारी. पण ती इथं वाढली गं! शुक्रवारी पार्क आणि शनिवारी इस्त्री, अशी वाढली ती, रविवारी सकाळी शाळेची बस पकडायची. तिला कसं—थांब, विचारतेच. लिहिते. 'निवू लास्ट डे म्हणजे शनिवार ना.' गेला. बघितला तिनं. लिहितेय काहीतरी... 'रविवार, आई. ऑब्व्हियसली.' बघ. ऑब्व्हियसली! माझ्या पोटची पोर, तिचा लास्ट डे रविवार झाला, आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही. मी शनिवारी अकरा वाजता त्या दारात उभी राहिले असते. उभीच राहिले असते गं दिवसभर, आणि म्हटलं असतं, आली नाही, बापासारखीच निघाली. रागावून परत आले असते! आणि रविवारी ती येऊन उभी राहिली असती, आणि तिनंही तेच म्हटलं असतं.

विचारते शनिवारी जमेल का. अर्धा तास म्हणते. दहा मिनिटं म्हणते, दुकानात पाव घ्यायला येते गिऱ्हाईक म्हणून, नुसती बघते... 'शनिवारी नाही जमणार. रविवार, नाहीतर नको.' नाहीतर नको म्हणतेय. नाही, चिडलेली नाहीये, ती अशीच लिहिते. चिडलीय का गं? तुला काय वाटतं? जाऊ दे, तू ते रिटर्न फिरव. रविवार रात्रीचं कर. व्हिसात बसतंय ना? नीट बघ—बसतंय? देवा! मग झालं तर. कार्ड हे घे, ह्यांचंच आहे, होस्टेलसाठी दिलंय मघाशी. दाब तू, दाब, विचार करू नकोस, जास्तीचे काय लागतील ते लागू देत, मी पुण्याला गेल्यावर शिकवण्या घेईन, पापड लाटीन, काय वाट्टेल ते करीन—ओटीपी? ओटीपी कुणाला गेला? अगं ह्यांच्या फोनवर जातो तो! होस्टेलचा मघाशी त्यांनीच वाचून दाखवला फोनवर. आता काय सांगू? मघाचा फेल गेला म्हणून सांगू? पण त्या मेसेजात एअरलाइनचं नाव येत असेल ना. येतं? मग—मग म्हणते, बॅगेचं वजन वाढवलं. दशम्यांचं वजन. म्हणजे... थांब. उतरले. गाडीतून उतरले ते. इकडेच येतायत. तू काही बोलू नकोस. हस जरा. बोटीचा कागद पुढे घे.

अहो, या ना, तेच म्हणत होते मी तस्नीमला, बोट नको, काठावरून—हां, तो ओटीपी ना? तो आमचाच. बॅगेचा. नाही, म्हणजे तिकिटाचा. एक दिवस वाढवतेय मी. रविवार. डबा मी करून ठेवीन, रविवारचा आणि सोमवारचा, फ्रीजमध्ये, नावं घालून. काय आहे म्हणजे? रविवारी तिथं—रविवारी ते म्युझियम—अहो ग्रुपमधल्या सगळ्यांनीच ठरवलं... असं बघू नका माझ्याकडे. परक्या पोरीसमोर असं बघू नका. बरं. ग्रुप नाहीये. रविवारी अकरा वाजता निवेदिता भेटणार आहे मला. आपली निवेदिता. एक तास. तुमच्याकडे मी कधी काही मागितलं का हो? सोनं मागितलं? तुम्ही नाव काढू नको म्हणालात, मी काढलं नाही. आता तो नंबर वाचा. तेवढाच वाचा, बाकी काही बोलू नका, घरी गेल्यावर काय बोलायचं ते बोला, चार दिवस बोला. वाचा ना. मिनिटभरात संपतो तो. अहो, मी पाया पडते, वाचा—

फोन खिशात घातला.

गेले. गाडी काढतायत का गं? मला बघायला सांगू नकोस, तूच बघ आणि मला सांगूही नकोस. आणि पाणी नको, मला काही झालेलं नाही. कार्ड दे इकडे, त्यांचं त्यांना परत देईन. आणि एवढं सांग मला—जातानाचं तिकीट पक्कं आहे ना? गुरुवारचं? ते कुणी रद्द नाही ना करू शकत कार्डवरून? नीट बघून सांग. तुझ्या मॅनेजरला विचार हवं तर.

पक्कं आहे? मग तेवढंच छाप. येतानाचं राहू दे.