तिच्या डोळ्यांचं औषध

आमी सिद्धगडाच्या पायथ्याचे, मुरबाड तालुक्यातले. शाळा दोन बुकं, मंग भातशेतीच. उन्हाळ्यात भाताच्या रोपासाठी पाला नि शेण पसरून जमीन भाजायची, राब म्हणतात त्याला, त्या धुरात जल्म गेला, डोळ्यांना कधी काय झालं नाय.

काय सांगू तुमाला, माजी बायको सखू गेली, गेल्या साली भातकापणीच्या टायमाला. मंग चूल माज्याकडं आली. ओली लाकडं फुंकायची, आणि डोळ्यांत वाळू, नुसती वाळू टोचायची, आणि पाणी तर दिवसभर गळायचं. पाड्यावरच्या बाया बोलायच्या, म्हातारा अजून रडतोय गो. मलाबी तसंच वाटलं. रडण्यासाठी कोण दवाखान्यात जातं?

पण मंग सकाळचा गड पुसट दिसायला लागला. पापण्या मिटून उघडल्या की दिसायचा, परत पुसट. माजी आई आंधळी होऊन मेली, भिंती चाचपत मेली, ती भीती पोटात बसली. सखूच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं औषध फळीवर होतं, अर्धी बाटली. तिला गुण आला, मलाबी येईल, म्हणून रोज टाकलं. खरं सांगू, तिच्या हातची बाटली म्हणूनबी टाकलं. महिनाभर.

लेक कुंदा आली शहापूरवरनं, बाटली बघून बोंबललीच, बाबा, आईचं औषध टाकताय, डोकं फिरलं काय तुमचं, आणि बाटलीसकट ओढतच नेलं मुरबाडला दवाखान्यात. डॉक्टरीण पोरगीच, पण तोंडाची माज्यासारखीच फटकळ. पापणीत कागदाची पट्टी अडकवली, ती जेमतेम भिजली. बोलली, बाबा, डोळे कोरडे पडलेत. मी बोललो, बाई, मंग हे गळतंय ते काय? बोलली, कोरडा डोळा टोचतो म्हणून पाणी येतं, पण ते टिकत नाय, वाहून जातं. आणि हे बाटलीतलं विचारल्याबिगर टाकलं तर डोळ्यातला दाब वाढतो, नजरसुद्धा जाते. यंत्रावर हनुवटी टेकवली, दाब मोजेपर्यंत सखूचंच नाव घेत होतो. थोडा वाढलाय, बोलली, ते बंद करा, पंधरा दिवसांनी या.

आता तिनं दिलेले थेंब दिवसातनं चार वेळा, आणि ऊन पाण्यात पिळलेलं फडकं मिटल्या डोळ्यांवर. फडकं सखूच्या लुगड्याचं. कुंदानं गॅस आणून दिला, धूर नको बोलली. औषध ओतून टाकलं, रिकामी बाटली फळीवर आहे, ती नाय टाकवत.

उद्या पंधरा दिवस भरतात. सकाळी जाग आली तरी डोळे लगेच नाय उघडत मी, भ्या वाटतं. मंग हळूच उघडतो, दारातनं गड बघतो. आज दिसला. तुमी बसलात, ऐकलंत, तुमची नजर शाबूत राहो बाबा. माजं काय, उद्याचा गड दिसला की झालं.