साठचा हात, पन्नासचा टीव्ही

(सिंदेवाहीत टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या शबानाबाईंनी सांगितलं तसं)

माहा जनम इथलाच बाई, सिंदेवाहीचा. हे जे दुकान तुम्ही पाहून राह्यल्या ना, त्याच्याच मागच्या खोलीत. तवा दुकान रेडिओचं होतं, टीव्ही मंग आले. आमच्या घरात हिंदी बोलतात, पन दुकानात येनारा मानूस कोनी सावली गावाकडचा धानवाला, कोनी धानोऱ्याकडून मोहफुलं विकून आलेला, त्याच्यासंग त्याचीच बोली बोला लागते, तं माही जीभ अशी झाली. आता घरात हिंदी बोलली तं अब्बा हासते, म्हनते हे कोन्या गावचं हिंदी होय. अम्मी मी सात वर्साची होती तवाच गेली. राह्यले तिघं, अब्बा, भाईजान सलीम आन मी. शाळेतून आली का अब्बा मले बाजूले बसवत, आन बाकीच्या पोट्ट्या भातुकली खेळत तवा मी तारा सोलत होती. दहावीत येईपर्यंत मी बंद टीव्ही नुसत्या वासावरून सांगत होती का याचं काय जळलं.

अब्बाचा एक नियम होता. दुरुस्त झालेला टीव्ही एक तास समोर बसून पाह्यल्याशिवाय गिऱ्हाइकाले द्याचा नाई. लोक टीव्ही बसच्या टपावर टाकून आनत, परतीची बस निघून जाऊन राह्यली म्हनून हातापाया पडत, तरी नाई. अब्बा म्हनत, बस उद्या बी येते, माहं नाव गेलं तं येनार नाई. आन दोष दिसला का सांगत, दुसऱ्यानं केलेल्या कामात दिसला तरी सांगत, सोताच्यात दिसला तं पह्यले सांगत. म्हनत, पाह्यलं तं सांगा लागते. ही त्यायची सवय एवढी पक्की का कोनाच्या लग्नात गेले तरी पह्यले टीव्हीपाशी जात, मान वाकडी करून पाहत आन नवरदेवाच्या बापाले सांगत का भाऊ, लाल रंग जास्त आहे. मले लय लाज वाटे तवा.

तं भाईजान. भाईजान जहाजावर नोकरीले लागला आन दोन वर्सानं एकदा आला तवा माह्यासाठी अमेरिकेच्या बंदरातून गेमची मशीन घेऊन आला, संग एकच कॅसेट. तिकडली लाइन कमी व्होल्टेजची, म्हनून अब्बानं सोताच्या हातानं ट्रान्सफॉर्मर गुंडाळला. मशीन लावली तं काय सांगू तुम्हाले, चित्र थांबेच ना, खालून वर, खालून वर, पळतच जाये. भाईजान म्हने फसवलं मले त्या दुकानवाल्यानं. अब्बा उठले. टीव्हीच्या पाठीमागं गेले, तिथं एक गोल बटन राहते, पळतं चित्र थांबवायचं, त्याले होल्ड म्हनतात, ते हळूहळू फिरवलं आन चित्र उभं राह्यलं. रंग आले नाई, आपल्या टीव्हीले तिकडले रंग समजत नाई म्हने अब्बा. मंग भाईजान जहाजावर गेला, आन मी त्या काळ्या-पांढऱ्या गेमले चिटकली ते चिटकली.

गेम म्हनजे काय, तं एक मानूस पुलावरून पळते, पुलाच्या फळ्या एक एक करून पडत जाते, खाली नदी, नदीत मगर. फळी समोर आली का उडी मारायची, बस. दुपारी गिऱ्हाईक नसे तवा मी खेळत बसे. डोळे मिटून खेळत होती बाई, खोटं नाई सांगत, कोनती फळी कवा येते ते बोटाले पाठ होतं.

गावात तवा गजाननभाऊचं गेमचं पार्लर नवीनच निघालं होतं, तिथं बी हाच गेम, पन आपल्या इकडच्या मशीनवर, रंगीत. पोट्टीनं पार्लरमधी पाय ठेवायचा नाई, म्हनून मी तिथला गेम कधी पाह्यलाच नाई. एक दिवस गजाननभाऊ सोताचा टीव्ही घेऊन दुकानात आला, मले खेळताना पाह्यलं आन पाहतच राह्यला. म्हने उस्ताद, तुमच्या इथचा गेम लय जोरात पळते, काऊन? अब्बानं मान वर केली नाई. म्हने, आज व्होल्टेज जास्त आहे. मले तवा काईच वाटलं नाई त्याचं. मंग गजाननभाऊनं सांगितलं का चंद्रपूरले एक दुकानवाला गेमचा मुकाबला ठेवून राह्यला, या पोरीले घेऊन जा, माह्या पार्लरमधले सारे पोट्टे हिच्यापुढं झक मारतात.

आता असं होतं का मले नागपूरले आयटीआय कराची होती. इलेक्ट्रॉनिक्सची. शाळेतल्या मास्तरनं फारम आनून देल्ला होता, फुफीच्या, म्हनजे अब्बाच्या बहिनीच्या घरी राहाची सोय बी होती. अब्बा हो बी म्हनत नव्हते, नाई बी म्हनत नव्हते, फारम गल्ल्याखाली ठेवून देल्ला होता. मी त्या मुकाबल्याचं नाव काढलं तवा अब्बानं गल्ल्याखालचा फारम काढला, पाह्यला आन परत ठेवला. मंग म्हने ठीक आहे, जितली तं तुले नागपूर. हारली तं पुन्हा फारमचं नाव काढायचं नाई. मी म्हनलं कबूल. काऊन नाई म्हनू? मले तं मी जितलेलीच दिसत होती.

चंद्रपूरले गेलो आम्ही दोघं. दुकानात गर्दी, समोर मोठा रंगीत टीव्ही, तोच पूल, तेच पानी, पन पानी निळं. मी पह्यल्यांदा पाह्यलं का नदी निळी होती. अब्बा म्हने तू बस, मी बाहेर चहा घेतो. माहा नंबर आला. पह्यली फळी आली, मी उडी मारली आन सरळ नदीत. लोक हासले. दुसऱ्यांदा बी नदीत. फळी यायच्या आधीच माहा मानूस उडून जाये. बोटं म्हनत आता, आन फळी म्हने थांब. तिसऱ्यांदा मी जानून थांबाचा प्रयत्न केला तं उशीर झाला. तीन वेळचा डाव होता, तिन्ही गेले. एक लहान पोट्टं माह्यापेक्षा पुढं गेलं. बाहेर आली तं अब्बा हातात रिकामा कप घेऊन उभे. कप ठेवला आन बस स्टँडकडं चालाले लागले. बसमधी मूल गाव येईपर्यंत मी रडली, मंग रडनं सरलं. मले वाटलं माहे हातच खोटे आहे, घरी चालतात आन लोकायपुढं मरतात. शर्त होती, तं फारमचं नाव मी पुन्हा काढलं नाई.

मंग काय, हेच दुकान. भाईजान तिकडंच कुठी एका बंदरात घर करून बसला, ईदले फोन येते. माह्यासाठी नाते आले, अब्बा म्हने घरात राहनारा जावई पाह्यजे, असा कोन भेटते? नाते येनं बंद झालं. बटनवाले टीव्ही गेले, भिंतीले टांगायचे आले, मी ते बी शिकली, कोनी शिकवलं नाई. गजाननभाऊचं पार्लर बंद झालं तवा त्यानं त्याच्या मशीनी इथीच आनून टाकल्या. अब्बाले लकवा मारला, उजवी बाजू गेली. तवापासून दार लोटायच्या आधी बी मले विचार करा लागते का अब्बाले पानी देल्लं का, कड बदलवली का. चंद्रपूरले सामान आनायले गेली तं दुपारच्या बसनं वापस. माह्या साऱ्या जिंदगीची हद्द दुपारची बस होय.

आता अवंदाची गोष्ट. जुन्या गेमच्या मशीनी जमवनारे शौकीन राहते, पुन्याचे, हैदराबादचे, कोनीतरी माहं नाव त्यायले सांगितलं, आता पार्सलं येते माह्याकडं. एकानं मशीन पाठवली, म्हने शबानाजी, याले पन्नास-साठचा खटका लावून द्या. मी म्हनलं ते काय होय? तं तो फोनवर सांगाले लागला. म्हने आपल्या देशाचा टीव्ही एका सेकंदात पन्नास चित्रं दाखवते, अमेरिका-जपानचा साठ. गेम आपला टाइम त्या चित्रावरून मोजते. म्हनून तोच गेम तिकडं जोरात चालते, इकडं हळू. गानं बी हळू वाजते म्हने, आपल्याले लहानपनापासून हळूच ऐकू आलं, आपल्याले तेच खरं वाटलं.

माह्या हातातला फोन तसाच राह्यला बाई. मी माळ्यावरून भाईजानची मशीन काढली, गजाननभाऊची काढली, दोन जुने टीव्ही बाजूबाजूनं ठेवले, भाईजानच्या मशीनसाठी एकाचं होल्ड फिरवून त्याले साठवर आनलं, आन घड्याळ घेऊन बसली. एकच पूल. भाईजानच्या मशीनवर पन्नास सेकंदात सरला. गजाननभाऊच्या मशीनवर पुरा एक मिनिट लागला. दोनदा मोजलं, तीनदा मोजलं. हात खोटे नव्हते माहे. हातायले साठची सवय होती आन मले पन्नासवर बसवलं होतं.

मी धावतच मागच्या खोलीत गेली. एवढी खुश होती का काय सांगू. अब्बाले म्हनलं, अब्बा, सापडलं, मी चंद्रपूरले काऊन हारली ते सापडलं, आपला गेम साठचा होता. अब्बा छताकडं पाहत राह्यले. त्यायची जीभ आता जड आहे, एक एक शब्द येते. म्हने, मालूम था. मले वाटलं समजले नाई, मी पुन्हा सांगाले लागली, तं डाव्या हातानं थांबवलं. म्हने, होल्ड मैंने ही घुमाया था ना, शब्बो. सलीम चला गया था, तू भी चली जाती.

मंग मले चंद्रपूरचा तो चहा आठवला. लग्नातला टीव्ही न सोडनारा मानूस त्या दिवशी तेवढ्या मोठ्या टीव्हीपुढं उभा नाई राह्यला. मी विचारलं, अब्बा, तुम्ही आत काऊन नाई आले? अब्बानं डोळे मिटले. म्हने, टीव्ही देख लेता तो बताना पड़ता.

मी चुलीपाशी जाऊन बसली. भात लागला तरी उठली नाई. राग आला, लय आला, मले वाटलं आता याच पायी बस स्टँडवर जाव आन जे बस लागली असंन तिच्यात बसाव. मंग आतून अब्बा खोकलले, आन मी पानी घेऊन गेली. दुसरं काय करू? ज्याच्यावर रागवाचं त्याचा घास बी माह्याच हातात आहे. त्या दिवशी लागलेलाच भात खाल्ला दोघायनं. अब्बा खाताना रडले, त्यायचं तोंड मीच पुसलं. माफ केलं का म्हनसान तं मले माहीत नाई. रोज सकाळी थोडं करतो, सांजेपर्यंत पुरत नाई.

दोन्ही टीव्ही अजून मांडूनच आहे पाहा तिकडं. मधीमधी खेळतो. भाईजानच्या मशीनवर आता मले जमत नाई, फळी निघून जाते आन बोट मंग उठते. गजाननभाऊच्या मशीनवर पार होतो, एकदम बरोबर, एक बी उडी चुकत नाई. आता माहे हात पन्नासचे झाले.

जाऊ द्या. अल्ला भाईजानले तिकडं सुखी ठेवो, अब्बाले दुखनं कमी देवो, आन तुमच्या घरी शिकाले जानारी पोट्टी असंन तं तिले शर्त घालू नका, नुसतं जाऊ द्या. तुमचा टीव्ही झाला. नाई, आताच नका उचलू. बसा, चहा ठेवतो. एक तास पाह्यल्याशिवाय मी देत नाई, आन दोष दिसला तं सांगीन.