आडनाव न विचारणारं घर

साल चौऱ्याहत्तर होतं अन् मी अठरा वर्षांचा. आमचं गाव बार्शीटाकळीच्या अंगाले, चौथीत शाळा सुटली, अन् अकोल्यात जिनिंगमध्ये कामाले लागलो तं राहाले खोली पाहिजे. काय सांगू तुमाले, खोली सगळीकडं रिकामी राहे. घरमालक पह्यले बसा म्हणे, मंग विचारे, नाव काय. सुखदेव. पुरं नाव? सुखदेव इंगळे. आता इंगळे आमच्या वऱ्हाडात कुणब्यातही हायेत अन् आमच्यातही, म्हणून तो अजून एक पायरी उतरे, कोणते इंगळे? मी म्हणो, बौद्ध. मंग त्याले याद येई का खोली तं कालच साळ्याले देऊन टाकली. एकाले तं साळाच नव्हता, त्याचं लगनच झालं नव्हतं. हसता काय, खरं सांगून राहिलो.

मंग मी जिनिंगमध्येच कापसाच्या ढिगावर झोपो. वर पत्र्याच्या भोकातून चांदणं गळे, खाली कापूस, वाटे का आपण कुठं तरंगून राहिलो अन् सकाळ होऊच नये. तिथंच ठरवलं, आपलं घर झालं तं त्यात कोणाले नाव विचारायचं नाई. लोक नवस बोलते, मी हे बोललो.

पुढं घाटाच्या रस्त्याच्या कामावर चिखलदऱ्याले आलो तो वरच राहिलो. मी अन् माही बायको कमल, दोघांनी दगडावर दगड ठेवून घर केलं. तिथं ढग घरात येते. खिडकी उघडी राहिली का आला, भांड्यावर बसते, गोधडी ओली करते, अन् कमल त्याले पदरानं हाकले, जशा कोंबड्या हाकलते. ती जाऊन लय वर्षं झाली, पण ढग आला का अजून मले वाटते, आत कोणी पदर झटकून राहिलं. मी उठून पाहत नाई. पाह्यलं तं ती जाईन.

पोरगा परतवाड्याले हाय, त्याचं काम कधी राहते कधी नाई. घर चालते ते दोन खोल्यांवर, त्या आमी फिराले येणाऱ्या लोकाले देतो, सून संगीता पिठलं-भाकर करते. पाव्हणा आला का मी किल्ली देतो, गरम पाणी कुठं ते सांगतो, बस. मले माणसं नावाबिगरच याद हायेत. एक बाई दोन दिवस नुसती झोपली, अन् जाताना म्हणे आता बरं वाटते. एक म्हातारा-म्हातारी दरीकडं तोंड करून भांडत, एकमेकाकडं पाहत नसत. अन् धुक्यातून कोणी आलं तं पह्यले आवाज येते, मंग पाय, चेहरा सगळ्यात शेवटी. आडनाव तं दिसतच नाई.

अन् मंग नियम आले. पर्यटनाच्या ऑफिसातून मॅडम आल्या, पोरगीच, स्कुटीवर भिजून. म्हणे आजोबा, घरात पाव्हणे ठेवता तं नोंदणी करा लागते, अन् येणाऱ्या हरएकाचं ओळखपत्र पाहून पुरं नाव, पत्ता, फोन रजिस्टरात लिवा लागते. म्हटलं, बाकी सांगसान ते करतो, नाव नाई विचारणार. काहून? म्हटलं, माह्या घराचा कायदा हाय. म्हणे, मंग खोल्या बंद करा लागतीन, आठवडाभरात सांगा. म्हटलं, होऊ द्या बंद. संगीता चुलीपासून म्हणे, मामाजी, तुमचा कायदा भाकरीसंगं खाता येत नाई. मॅडम हसल्या, रजिस्टर ठेवून गेल्या. मी त्याले हात लावला नाई.

त्याच आठवड्यात एक पाव्हणा आला, एकटा, पन्नाशीचा, पांढरा सदरा. किल्ली देली. दुपार कलल्यावर फिराले निंगाला अन् मागून असं धुकं उतरलं का माहा हात मले दिसेना. दिवेलागण झाली तरी पत्ता नाई. बॅटरी घेऊन कड्यापाशी गेलो, हाक माराले तोंड उघडलं, अन् तोंडात नावच नाई. ओ पाव्हणे म्हटलं तं धुक्यातून चार-पाच जण बोलले, काय हो. तिथं सारेच पाव्हणे. ओ भाऊ म्हटलं तं सारेच भाऊ. मी उभाच राहिलो. वाटलं, मी अजून कापसाच्या ढिगावरच हावो, अन् घर, कमल, खोल्या, हे सारं सपन हाय.

मंग बॅटरी जमिनीवर फिरवत फिरवत गेलो, तवा सापडला तो. झाडाले टेकून बसला होता, पाय मुरगळलेला, तिथून हातभर पुढं दरी. म्हटलं, हाक ऐकू आली नाई का गड्या? म्हणे, सुनाई तो आया चाचा, मले वाटलं दुसऱ्या कोणाले बुलाते. मले कोण बुलाएगा इथं?

खांद्यावर हात घेऊन त्याले आणला. रस्त्यानं आपणहूनच बोलला. बाळापूरचा, कापडाचं दुकान, नाव रशीद. म्हणे, तुमच्याकडं याच्या अगोदर दोन जागी गेलो होतो, नाव सांगतलं का रूम फुल. तुमी विचारलं नाई, म्हणून टिकलो. मी म्हटलं, साळ्याले देली असीन. त्याले समजलं नाई, मंग घरापर्यंत माही सारी कहाणी सांगत आलो, अन् दोघं धुक्यात हसून राहिलो येड्यासारखे.

पण अंथरुणावर पडलो तं हसू गेलं. सुखदेव, म्हटलं, तू त्याले दारातून परत धाडलं नाई, खरं हाय. पण कड्यावरून परत बोलावताही आलं नाई तुले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या खोलीत चहा नेला, पाय शेकाले गरम पाणी नेलं. त्याले निवांत पिऊ देलं. मंग म्हटलं, रशीदभाऊ, आता पुरं नाव सांगा, बापाच्या नावासकट. माहं अक्षर मोठं, त्या एका नावानंच दोन रकाने खाल्ले. रजिस्टर काखेत मारलं अन् ऑफिसात गेलो. मॅडमले म्हटलं, नाव लिवीन, पण पह्यले किल्ली, मंग पाणी, मंग चहा, मंग नाव. किल्लीच्या आधी नाव, असं तुमच्या नियमात असीन तं दाखवा. त्यायनं कागद वाचला, उलटून पुन्हा वाचला. म्हणे, असं तं कुठं नाई आजोबा. म्हटलं, मंग मारा शिक्का. मारला. भलं होवो त्या पोरीचं.